आतून लावायची कडी

जगन गमरेचा फोन नंबर ठाण्यातल्या निदान चारशे भिंतींवर चिकटवलेला होता. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या मीटरच्या पेट्यांवर, घोडबंदर रोडच्या टॉवरांतल्या जिन्यांत, कुठे लिफ्टच्या बाजूला, कुठे पत्रपेट्यांच्या खाली. सोसायटीवाले स्टिकर खरवडून काढायचे आणि जगन पुन्हा लावायचा. मग एखाद्या दुपारी त्याच सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको कचरा ठेवायला बाहेर यायची, वाऱ्याने लॅचचं दार धाडकन बंद व्हायचं आणि सेक्रेटरीसाहेब भिंतीवरचा उरलासुरला नंबर जुळवत बसायचे. जगन जाऊन दार उघडून द्यायचा आणि निघताना नवा स्टिकर लावायचा. सेक्रेटरी तोंड फिरवून उभे राहायचे.

नौपाड्यात एका दवाखान्याच्या जिन्याखाली त्याची चार फुटांची जागा होती. त्याचा बाप गुहागरकडून आला तेव्हापासून तिथेच लाकडी पेटी मांडून बसायचा. बापाने कानस धरायला शिकवली, कुलपाच्या पोटातला आवाज ऐकायला शिकवलं आणि एक नियम घालून दिला. कुणाचंही दार उघडायचं तर आधी ते वाजवायचं, आपलं नाव सांगायचं आणि उघडायला आलोय म्हणून हाक मारायची. अशा तीन हाका. दोन हाकांच्या मध्ये दहा श्वास थांबायचं. मालक शेजारी उभा राहून "अरे बाबा, आत कुणी नाहीये" म्हणून ओरडला तरी थांबायचं. बाप म्हणायचा, "दार चोर पण उघडतो आणि आपण पण उघडतो. आपण हाक मारतो, एवढाच फरक."

गिऱ्हाइकं हसायची. रिकाम्या फ्लॅटसमोर "मी जगन, दार उघडायला आलोय" असं तीनदा ओरडणारा माणूस बघून पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढायची. जगनला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षांत त्याने तो नियम दोनदाच मोडला, तोही एकाच दिवशी. एकदा परक्याच्या घरी आणि एकदा स्वतःच्या.

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला घोडबंदर रोडवरून फोन आला. एकोणिसावा मजला. दारात आई-बाप उभे होते. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा होता, सर्वेश, बारावीचा. सकाळपासून दार उघडत नव्हता. बाप मोठ्या हुद्द्यावरचा असावा. शर्ट इस्त्रीचा होता, पण गुंड्या वरखाली लागलेल्या. तो एकसारखा बोलत होता. "मी मुद्दाम घरून काम घेतलंय याच्यासाठी. टेस्टचे मार्क ॲपवर आले की पहिला मी बघतो. त्याची आई दर तासाला खोलीत जाऊन येते. आम्ही कुठे म्हणजे कुठे कमी पडलो नाही." आईच्या हातात दुधाचा ग्लास होता आणि त्यावर साय धरली होती.

जगनने दार वाजवायला हात उचलला. बाप किंचाळला, "वाजवून झालंय आमचं! उघडा आधी!"

जगनने हाक मारली नाही. कुलूप अर्ध्या मिनिटात सुटलं, पण दार हललं नाही. आतून वर काहीतरी अडकलं होतं. त्याने खांदा लावला, दुसऱ्या धक्क्याला स्क्रू लाकडातून उपटून आले आणि एक छोटी पितळी कडी फरशीवर पडून खणखणली. बाप त्याला ढकलून आत गेला. जगनला दिसला तो पलंगाच्या पलीकडे एक पाय, निळा मोजा घातलेला. मग आईच्या हातातला ग्लास पडला.

मुलाला चादरीत घालून लिफ्टने खाली नेलं. तो श्वास घेत होता असं जगनला वाटलं, पण नक्की सांगता आलं नसतं. एवढ्या मोठ्या घरात तो एकटाच उरला, तेव्हा त्याने सवयीने हत्यारं गोळा केली, आणि हत्यारांबरोबर ती कडीही पिशवीत गेली. इतकी वाकडी बसवलेली कडी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. स्क्रू दोन जातींचे होते, त्यातला एक तर खुर्चीचा. ती जिथून उपटली त्याच्या वीतभर वर, दाराच्या रंगात चार ठिपके जरा वेगळ्या छटेचे होते. ते डोळ्याला दिसले आणि डोक्याने सोडून दिले.

त्या मुलाचं पुढे काय झालं हे जगनला कधीच कळलं नाही. आठवड्याने तो वॉचमनला विचारायला गेला, तर वॉचमन म्हणाला, "फ्लॅट बंद करके गए. किधर गए, मालूम नहीं."

पण ते नंतरचं. त्या दिवशी तो दुकानात परत गेलाच नाही. माणकोलीच्या पुलावरून स्कूटर हाणत सरळ डोंबिवलीला, पश्चिमेच्या आपल्या चार मजली इमारतीत आला. घरी कुणी नव्हतं. बायको माया कल्याणच्या एका शाळेत शिपाई होती, ती चारशिवाय येत नसे. मुलगी संचिता क्लासला गेली होती. संचिता सतरा वर्षांची. दहावीला तिला चौऱ्याण्णव टक्के पडले, तेव्हा विहारात तिचा शाल देऊन सत्कार झाला होता. तो फोटो बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी लावला होता. गमऱ्यांच्या घरातली पहिली डॉक्टर, असं सगळी भावकी आत्ताच बोलायला लागली होती. बारावी आणि नीटसाठी घरातली आतली खोली तिला देऊन टाकली होती आणि नवरा-बायको बाहेर झोपायचे.

जगन त्या खोलीत शिरला आणि त्याने दाराची आतली कडी काढून टाकली. चार भोकं पुट्टीने बुजवली, वर रंगाचा हात मारला. दहा मिनिटांचं काम. ज्याने त्या सकाळपर्यंत कुणाचंही दार विचारल्याशिवाय उघडलं नव्हतं, त्याने पोटच्या पोरीचं दार तिच्या मागे कायमचं उघडं करून ठेवलं. त्याला मात्र फार बरं वाटलं. कितीतरी तासांनी छाती जरा मोकळी झाली.

संध्याकाळी संचिता आली, खोलीत गेली, दार लोटलं. तिचा हात सवयीने वर गेला आणि तिथेच थांबला.

"पप्पा, कडी?"

"खराब झालेली गं. आत अडकून बसली असतीस एखाद दिवशी."

"मग दुसरी लावा ना."

"लावतो."

महिन्याला पन्नास कड्या बसवणारा माणूस "लावतो" म्हणाला आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघून गेला. बाप खोटं बोलतोय हे मुलीला कळलं. तिला कळलंय हे बापालाही कळलं. दोघंही गप्प बसले. त्या घरातलं ते पहिलं गप्प बसणं.

मायाला त्याने सगळं सांगितलं. ती हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्यापुढे बसली. मग म्हणाली, "ते पोरगं वेगळं, आपली वेगळी. तिला विचारा तरी, कशी आहेस म्हणून."

"विचारून कुणी सांगतं का? लक्षच ठेवायला पाहिजे."

आणि त्याने लक्ष ठेवायला सुरुवात केली. जगनचा लेकीवर जीव होता, यात तिळभर शंका नको. जीव नसता तर त्याने एवढी मेहनत घेतलीच नसती. तो दुपारी दुकान बंद करून घरी यायला लागला. दर अर्ध्या तासाला दार ढकलायचा. कधी लिंबाचं सरबत, कधी भिजवलेले बदाम, कधी नुसतंच "पंखा वाढवू का?" क्लास सुटायच्या आधी तो गेटवर उभा असायचा. तिच्या मैत्रिणीला, तिसऱ्या मजल्यावरच्या रसिकाला, त्याने जिन्यात गाठून सांगून ठेवलं होतं, "काही वाटलं तर आधी मला सांगायचं हं, बेटा." संचिताचा फोन रात्रीचा तो स्वतःजवळ ठेवायचा आणि सकाळी तो चार्ज होत असताना वाचायचा. त्यात काही सापडत नसे. काही सापडत नाही याचीच त्याला भीती वाटायची.

ऑगस्टमध्ये ती बाथरूममध्ये जास्त वेळ काढायला लागली. घरात आतून लागणारं तेवढं एकच दार उरलं होतं. नळ चालू ठेवून ती आत नुसती बसायची. जगनने एका रविवारी तिथली कडी बदलली आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवली. पाण्याचा आवाज दहा मिनिटांवर गेला की तो खिशातलं नाणं चाचपत दाराशी येऊन उभा राहायचा. नाणं त्याने कधी वापरलं नाही. पण दाराखालून त्याच्या पायांची सावली आत पडायची, आणि नळ बंद व्हायचा.

"शाळेत परीक्षेला सुपरवायझर फिरतो ना, तसे फिरताय तुम्ही घरात," माया एकदा वैतागून म्हणाली. "पोरगी कपडे कशी बदलते माहितीये? दाराला पाठ लावून. बघितलंय मी. तिला जरा डॉक्टरकडे नेऊ या का? आमच्या बाई सांगत होत्या, मनाचे पण डॉक्टर असतात, त्यात लाजण्यासारखं काय नाही."

"वेड लागलंय का तिला?" जगन भडकला. "हसते, खाते, अभ्यास करते. उगा नाही ते बोलू नकोस."

खरंच ती हसत होती. पूर्वी संचिता घुमी होती, चिडायची, आईशी भांडायची, भाजी आवडली नाही तर ताट सरकवायची. आता ती भांडत नव्हती. वाढलेलं सगळं संपवत होती. दार ढकललं की मान वर करून हसायची, रोज तेवढंच, दार उघडल्याबरोबर. जगनला आधी त्याचं समाधान वाटलं. ऑक्टोबरच्या शेवटाला एक दिवस तो बदाम ठेवायला वाकला आणि त्याची नजर तिच्या पुस्तकावर गेली. पान दोनशे बारा. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनशे बारा. चार दिवसांनी बघितलं, तेव्हाही दोनशे बाराच, आणि पानाच्या कडेला नखाने कुरतडून कुरतडून भोक पडलेलं. तिच्या अंगठ्यांची नखं पार मुळापर्यंत गेली होती.

त्याने काय केलं? दर अर्ध्या तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी दार ढकलायला सुरुवात केली. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. त्याला ती घसरताना दिसत होती, म्हणून तो मूठ आणखी आवळत होता.

नोव्हेंबर संपत आला तेव्हाची एक दुपार. मंगळवार होता. संचिता कॉलेजहून परस्पर क्लासला जाणार होती. पाचला गेटवर जायचं म्हणून जगन तीनलाच घरी आला आणि रिकाम्या खोलीत शिरला. आताशा तिची खोली तपासायचीही त्याला सवय झाली होती. गादी उचलली, दप्तराचे जुने कप्पे पाहिले, कंपासपेटी उघडली. कंपासपेटीत एका रुमालात गुंडाळून एक छोटी पितळी कडी होती. नवी. बरोबर तीन स्क्रू, दोन जातींचे.

जगनने वळून दार लोटलं. दाराच्या मागे कॅलेंडर टांगलं होतं, ते त्याने बाजूला केलं. त्याने रंगवलेल्या चार ठिपक्यांच्या वीतभर खाली दोन भोकं होती, कर्कटकाच्या टोकाने कोरलेली, वेडीवाकडी. लाकडाचा भुसा तिने टेपच्या तुकड्याने झाकला होता.

पिशवीच्या तळाशी चार महिने पडलेली सर्वेशची कडी त्याने बाहेर काढली आणि दोन्ही कड्या तळहातावर घेतल्या. त्या मुलाच्या दारावरचे वेगळ्या छटेचे चार ठिपके आता त्याला अगदी स्वच्छ दिसले. तिथेही आधी कडी होती. तिथेही कुणीतरी ती काढून भोकं बुजवली होती, रंग मारला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. इस्त्रीच्या शर्टातला तो बाप त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि जगनला त्या बापाच्या जागी आपलंच तोंड दिसलं.

त्याने क्लासला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, संचिता गमरे आज आलेली नाही. कालही नव्हती. संचिताचा फोन बंद. जगन तिसऱ्या मजल्यावर धावला. रसिकाने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि ती रडायलाच लागली.

"काका, तिने सांगू नको म्हणून शप्पथ घातलेली. ती क्लासला नाही जात. गच्चीवर जाऊन बसते, सुटायच्या वेळेला गर्दीतून गेटवर येते. तुमच्या जुडग्यातली चावी आहे तिच्याकडे."

गच्चीचं लोखंडी दार सोसायटीसाठी जगननेच बसवलं होतं. बाहेरून कुलूप, आतून जाड कडी. कुलूप काढलेलं होतं. त्याने दार ढकललं. कडी आतून लावलेली होती. बिजागऱ्यांच्या खिळी मात्र जिन्याच्या बाजूला होत्या. त्या ठोकून काढायला त्याला मिनिटभरही लागलं नसतं. त्याने पिशवी खाली टाकली, हातोडी काढली, पटाशी पहिल्या खिळीला लावली आणि तसाच थबकला. एकोणिसाव्या मजल्यावर खांदा लावला होता तो क्षण त्याच्या अंगावर आला. लाकडातून स्क्रू उपटल्याचा आवाज पुन्हा कानात आला.

हाक मारावी तर वेळ जात होता. न मारावी तर आत काय होईल सांगता येत नव्हतं. त्याने दारावर बोटं वाजवली.

"संचिता. मी पप्पा. दार उघडायला आलोय."

काही नाही. दहा श्वास थांबायचं होतं. तो इतका धापा टाकत होता की दहा कधी झाले ते कळलंच नाही, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"संचिता. मी पप्पा. दार उघडायला आलोय."

पलीकडे कुठेतरी पत्रा वाजला, की वारा होता. बाकी काही नाही. एवढे लांब दहा श्वास त्याने जन्मात घेतले नव्हते.

"संचिता... मी पप्पा."

"तोडू नका." आवाज लांबून आला, बारीक.

जगनने हातोडी खाली ठेवली. कपाळ लोखंडाला टेकवलं. "नाही तोडत. मी खाली जाऊ, का इथे बसू?"

गेल्या चार महिन्यांत त्याने तिला शेकडो प्रश्न विचारले होते. सगळ्यांची उत्तरं त्याच्याकडे आधीच तयार असायची. या प्रश्नाचं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "पण बोलू नका."

"बरं. नाही बोलत. फक्त मधेमधे काहीतरी वाजव. म्हणजे मला कळेल."

थोड्या वेळाने कशावर तरी दोन टिचक्या वाजल्या. टक, टक. जगन पायरीवर बसला. माया कामावरून आली, रसिकाने सांगितलं तशी वर धावली आणि त्याच्या शेजारी पदर तोंडात धरून बसली. टिचक्या येत होत्या. मग सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश आले, मागे आणखी दोघंतिघं.

"जगन, अरे हत्यारं हातात असून बसून राहिलायस? बाप आहेस की कोण आहेस?"

"आत माणूस आहे, सुदेशभाऊ. नको म्हणतंय."

"वेडा झालायस! मी बाजूच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून बघतो." आणि ते खाली पळाले.

ऊन जिन्याच्या जाळीतून तिरकं यायला लागलं. टिचक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक टिचकी आली आणि त्यानंतर काहीच आलं नाही. जगन वाट बघत राहिला. मायाने त्याच्या मनगटात नखं रुतवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुदेश होते, आवाज घोगरा झालेला. "जगन, पाण्याच्या टाकीमुळे नीट दिसत नाही रे. तिच्या चपला दिसतायत. कठड्याला लागून. ती दिसत नाहीये."

जगन उठला. पटाशी त्याच्या हातात कशी आली हे त्यालाच कळलं नाही. पहिली खीळ ठोकून निम्मी वर आली. "तोडा," माया म्हणाली. "तोडा हो." आणि जगनने डोळे मिटले आणि हाक मारली. दहा श्वास. दुसरी हाक. माया आता मोठ्याने रडत होती आणि त्याला मोजता येत नव्हतं, तरी तो मोजत होता. तिसरी हाक त्याने मारली नाही, ती त्याच्या घशातून फाटून बाहेर पडली.

"अं?" दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला. "झोप लागलेली."

कडी सरकली. संचिता अनवाणी उभी होती. गालावर गोणपाटाची नक्षी उमटली होती, डोळे झोपेने सुजलेले. माया तिला धरून मटकन खालीच बसली. जगनने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग हळूच विचारलं, "चपला?"

संचिता त्याच्याकडे बघत नव्हती. "कठड्याजवळ उभी होते मी. किती वेळ ते नाही माहीत. चपला काढल्या. मग तुमची हाक आली. मला वाटलं, आता तोडतील. तोडलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही परत हाक मारलीत. मग मी टाकीच्या मागे येऊन बसले. तिथे कुणी येत नाही, पप्पा. तिथे झोप येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं मिळून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई संचिताशी तासभर एकट्या बोलल्या, दार बंद करून. जगन बाहेरच्या बाकावर बसला होता. नंतर बाईंनी दोघांना आत बोलावलं. ही नाटकं नव्हेत आणि वेडही नव्हे, हा आजार आहे, औषधं आहेत, दर आठवड्याला यायचं, नीट या वर्षी दिली नाही तर आभाळ कोसळत नाही, असं सगळं समजावलं. गच्चीची चावी आणि घरातल्या औषधांचा डबा तूर्त मायाच्या ताब्यात राहील असंही ठरलं. जगन मान डोलवत होता. शेवटी त्याने विचारलं, "आणि कडी?"

बाई संचिताकडे वळल्या. संचिता म्हणाली, "पाहिजे." मग बाई म्हणाल्या, बाहेरून किल्लीने उघडता येईल अशी बसवा. ती किल्ली कधी वापरायची ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.

संध्याकाळी जगनने दुकानातलं सगळ्यात चांगलं लॅच आणलं. संचिता म्हणाली, मी बसवते. त्याने स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि तो पाय दुमडून फरशीवर बसला. तिने स्क्रू वाकडा धरला तेव्हा त्याने आपले हात मांड्यांखाली दाबून धरले. तिनेच तो काढून सरळ लावला. झाल्यावर तिने किल्ली त्याच्यापुढे धरली.

"तीन हाका. मध्ये दहा श्वास. आजोबांचा नियम आहे ना तुमचा? मलाच का नाही लावलात?"

जगनने किल्ली घेतली.

ती आत गेली. लॅच आतून लागलं. जगन तिथेच उभा राहिला. आत पंखा फिरत होता, खुर्ची सरकली, मग काही नाही. स्वयंपाकघरात मायाने कणीक भिजवायला घेतली. घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली. आता ती काय करतेय, पुस्तक उघडलंय का, पडलीय का, रडतेय का, त्याला काही कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बरं वाटायला वेळ लागेल, मधले काही दिवस वाईट जातील. त्यातला आजचा दिवस कुठला, हेही कळायला मार्ग नव्हता. हातातली किल्ली घामाने ओली झाली.

शेवटी त्याने दार वाजवलं.

"संचिता. मी पप्पा."

आतून काही आलं नाही. मायाचे हात परातीत थांबले. जगनने डोळे मिटून श्वास मोजले. आठ, नऊ, दहा.

"संचिता. मी पप्पा."

त्याने पुन्हा मोजायला घेतलं. एक, दोन, तीन, चार.

"आहे मी, पप्पा," आतून आवाज आला.

"बरं," जगन म्हणाला. त्याने किल्ली खिशात ठेवली आणि तो पोळ्या भाजू लागायला स्वयंपाकघरात गेला.